दोन आठवडे आगाऊ

बाई गरोदर राहिली की मराठीत तिला 'दिवस गेले' म्हणतात. पण हे दिवस मोजायचे कुठून?

दवाखान्यात केसपेपर काढला की पहिला प्रश्न ठरलेला: "शेवटची पाळी कधी आली होती?" ती तारीख धरून डॉक्टर सांगतात, "सहा आठवडे झाले." बाई मनातल्या मनात बोटं मोजते. नवरा तर गावाहून येऊन महिनाच झालाय! हिशेब तिचाही बरोबर असतो आणि डॉक्टरांचाही. मग वरचे दोन आठवडे आले कुठून?

18 व्या शतकात नेदरलँड्समधल्या लायडनचे वैद्य हर्मन बोरहाव्ह यांनी शेवटच्या पाळीवरून बाळंतपणाचा अंदाज बांधायची रीत सांगितली. पुढच्या शतकात जर्मनीतल्या हायडलबर्गच्या फ्रांत्स नेगेले यांनी ती पाठ्यपुस्तकात घातली आणि नाव त्यांचंच लागलं. रीत सोपी: तीन महिने मागे जायचं, सात दिवस मिळवायचे. पाळी 10 जूनला आली असेल, तर बाळंतपणाची तारीख पुढच्या वर्षीची 17 मार्च. मधले दिवस 280, म्हणजे नऊ महिने सात दिवस. आपल्या 'नऊ महिने नऊ दिवसां'पेक्षा दोनच कमी.

पाळीच का धरली? कारण दुसरी कुठली खूण हाताशी नव्हती. सस्तन प्राण्याचं बीजांड कार्ल फॉन बेअर यांना 1827 मध्ये सापडलं, तेही कुत्रीचं. बीजांड पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं, हे जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी दाखवलं, ते थेट 1920 च्या दशकात. तोवर पाळीची मोजणी सुईणीपासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. त्यामुळे गर्भ नसतानाचे दोन आठवडे आजही त्याच्या वयात जमा होतात.

गर्भशास्त्रज्ञांनी मात्र वेगळी वही घातली: दिवस गर्भधारणेपासून मोजायचे. बोस्टनमध्ये 1938 पासून हर्टिग आणि रॉक या डॉक्टरांनी, गर्भाशय काढायचं आधीच ठरलेल्या स्त्रियांना पाळीच्या आणि संबंधांच्या तारखा टिपायला सांगितल्या. त्यातून पहिल्या सतरा दिवसांतले 34 गर्भ मिळाले. बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत जॉर्ज स्ट्रीटर यांनी 1942 पासून गर्भांची वर्गवारी मांडली. तीच पुढे पहिल्या आठ आठवड्यांच्या 23 पायऱ्यांपर्यंत गेली. इथे पायरी दिवसांवरून ठरत नाही. हाताचा कोंब फुटला का, डोळ्याची घडण कुठवर आली, हे पाहून ठरते.

या दोन वह्यांमधला फरक नुसता कागदावरचा नाही. पाळी चुकते तेव्हा गर्भ म्हणजे मिलिमीटरहून लहान, दोन थरांची चकती. गर्भधारणेपासून बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदय धडधडू लागतं. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत, मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतात ती नळी मिटते. तेव्हा केसपेपरवर जेमतेम सहा आठवडे झालेले असतात आणि कित्येकींचा केसपेपर अजून निघालेलाही नसतो. नळी नीट मिटायला मदत करणारं फॉलिक ॲसिड, रोज 400 मायक्रोग्रॅम, म्हणूनच दिवस जायच्या निदान महिनाभर आधी सुरू करायचं असतं. पहिल्या तपासणीची वाट पाहिली, तर बहुधा उशीर झालेला असतो.