गुळणीआधीचा दिवस : राहुरी परिसरातील दाढदुखीच्या घरगुती पथ्याचा इतिहास

तोंडातील शस्त्रक्रिया, म्हणजे दात किंवा दाढ मुळासकट काढणे, हिरडी चिरून आडवी अडकलेली अक्कलदाढ बाहेर घेणे, अथवा जबड्यात साठलेल्या पुवाला वाट करून देणे, हे काम वैद्याच्या हातून बहुधा तासाभरात उरकते. परंतु त्या जखमेचे भरून येणे पुढे कित्येक दिवस घरातच चालते आणि तेथे सत्ता चालते ती चुलीची, मिठाच्या डब्याची आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या शब्दाची. शल्यकर्माचा इतिहास हत्यारांच्या आणि शोधांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. घरच्या शुश्रूषेचा इतिहास मात्र पथ्याच्या बोलीत आणि स्वयंपाकघराच्या रीतीत विखुरलेला असल्यामुळे त्याकडे सहसा लक्ष जात नाही. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील मुळा नदीकाठचे राहुरी आणि त्याच्या भोवतालचा मुळा-प्रवरेच्या कालव्यांचा पट्टा हे या इतिहासाच्या अभ्यासासाठी सोयीचे क्षेत्र आहे, कारण ज्वारी-बाजरीचा कोरडवाहू मुलूख, उसाचा बागायती मुलूख आणि आधुनिक दंतवैद्यक या तिन्ही गोष्टी येथे शंभर वर्षांच्या आत एकमेकींना येऊन मिळाल्या. या काळात घरगुती पथ्याचे साहित्य फारसे बदलले नाही. बदलला तो त्याचा क्रम, आणि त्या बदलाच्या मुळाशी रिकाम्या झालेल्या खाचेत साकळणाऱ्या रक्ताविषयीची नवी समजूत होती.

या पथ्याची ग्रंथोक्त बाजू फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि संपूर्ण मुख अशी स्थाने कल्पून मुखरोगांची संख्या ६५ दिली आहे, तर वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दात पाडण्यासाठी ‘शरपुंखमुख’ नावाचे, बाणाच्या पिसाऱ्यासारख्या तोंडाचे यंत्र सांगितले आहे. दाताच्या मुळाशी नाडी, म्हणजे पू वाहणारी वाट, तयार झाली असता सुश्रुत मांस छेदून दात काढावयास आणि ती जागा शुद्ध करून क्षाराने किंवा अग्नीने डागावयास सांगतो. मात्र वरचा दात हलत असला तरी तो काढू नये, कारण अतिरक्तस्रावामुळे दृष्टी जाण्याचा किंवा अर्दित, म्हणजे चेहऱ्याचा अर्धांगवायू, होण्याचा धोका असतो, असा इशाराही तो देतो. जखमेनंतरच्या उपचारांत ‘गंडूष’ आणि ‘कवल’ यांना मोठे स्थान आहे: औषधी द्रवाने तोंड इतके भरणे की तो आत हलवताही येऊ नये, हा गंडूष, आणि तोंडात खेळवता येईल इतकाच द्रव घेणे, हा कवल. त्यांपैकी व्रण भरून आणणाऱ्या प्रकाराला ‘रोपण’ अशी संज्ञा असून त्यासाठी तुरट, कडू आणि गोड रसांची द्रव्ये योजिली आहेत. पथ्याविषयी संहितेचे सांगणे थोडक्यात असे की दंतरोग्याने आंबट फळे, थंड पाणी, कोरडे अन्न, फार कठीण खाद्य आणि दात घासण्याची काडी वर्ज्य करावी. अहमदनगर शहरात १९१७ साली गंगाधरशास्त्री गुणे यांनी आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा ही ग्रंथपरंपरा जिल्ह्यातच पद्धतशीरपणे शिकवली जाऊ लागली.

गावातला रोगी मात्र संहितेपर्यंत क्वचितच पोहोचत असे. बलुतेदारी पद्धतीत, म्हणजे गावाची ठरावीक कामे करून सुगीला धान्याचा वाटा घेण्याच्या व्यवस्थेत, न्हाव्याकडे हजामतीबरोबर गळू फोडण्यासारखी किरकोळ शल्यकर्मेही येत आणि त्याच्या धोकटीतील वस्तरा व चिमटा हेच अनेक ठिकाणी गावचे शस्त्रागार होते. दुसरा आधार होता तो वैदूंचा. झाडपाल्याची औषधे विकणारी आणि तुंबडी लावून रक्त काढणारी ही भटकी जमात नगर जिल्ह्याच्या वाटांवर परिचित होती, आणि पाथर्डी तालुक्यातील मढी येथील कानिफनाथांची यात्रा हे तिच्यासह अनेक भटक्या जमातींचे एकत्र येण्याचे स्थान होते. दाढ किडते ती आत शिरलेल्या किड्यामुळे, ही समजूत बाबिलोनपासून दख्खनपर्यंत सर्वत्र होती. तिच्यापोटी भुईरिंगणी या काटेरी रानवनस्पतीचे बी निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी दुखऱ्या दाढेला देण्याचा उपाय महाराष्ट्रात रूढ झाला. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली दातातल्या किड्याची कल्पना नाकारली आणि विलोबी मिलर याने १८९० मध्ये तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेचे व पिष्टाचे आम्ल करून दात झिजवतात असे मांडले, तरी ‘दाढेला कीड लागली’ हा शब्दप्रयोग मराठीत टिकला आणि आज तो नव्या अर्थानेही तितकाच उपयोगी पडतो.

दाढ पडली किंवा पाडली की घरचे पथ्य सुरू होई. बाभळीच्या सालीचा काढा, तुरटीचे पाणी किंवा मिठाचे कोमट पाणी यांच्या गुळण्या लगोलग सुरू केल्या जात. बाभळीच्या सालीतील टॅनिन आणि तुरटी ही दोन्ही द्रव्ये स्तंभक, म्हणजे ऊती आकसवून स्राव थोपवणारी, असल्यामुळे या उपायाला अनुभवाचा आधार होता. खाचेत हळदीची पूड दाबणे, दुखऱ्या बाजूस लवंग धरणे, तव्यावर तापवलेल्या फडक्याने किंवा वाळूच्या पुरचुंडीने गाल शेकणे आणि सुजलेल्या गालफडाखालून फडके घेऊन ते डोक्यावर गाठवणे, हे पुढचे उपाय होत. आहाराच्या बाबतीत या मुलखाची धान्येच मदतीला येत: बाजरी-ज्वारीच्या भाकरीचा कडक पापुद्रा जखमेला बोचणारा, म्हणून भाकरी दुधात कुस्करून दिली जाई, किंवा ज्वारीच्या भरडलेल्या कण्या मऊ शिजवल्या जात, पिठाची आंबील केली जाई, आणि जेथे तांदूळ परवडे तेथे भाताची पेज व मुगाचे पातळ वरण मिळे. तिखट, आंबट आणि वातूळ, म्हणजे वात वाढवणारे मानलेले, पदार्थ बंद होत. गार पाणी तर सर्वथा निषिद्ध असे. संहितेचे नाव ठाऊक नसलेल्या घरांतही तिचा निषेध असा जवळजवळ जशाच्या तसा पाळला जात होता.

विसाव्या शतकात या मुलखाची चव बदलली. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि कालव्यांच्या पाण्याबरोबर उसाची लागवड वाढत गेली. १९५० च्या सुमारास लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पाठोपाठ राहुरीलाही कारखाना आला, आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी बारागाव नांदूर येथे मुळा धरणाचे काम पूर्ण झाले. १९६८ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचे, म्हणजे आजच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे, मुख्य ठाणे राहुरीत आले आणि तेथून ‘फुले वसुधा’सारखे ज्वारीचे वाणही बाहेर पडले, परंतु घरोघरच्या दिवसाची सुरुवात आता साखरेच्या चहाने होऊ लागली होती. मिलरने वर्णिलेल्या आम्लाला लागणारा कच्चा माल असा दारातच पिकू लागला. याच्या जोडीला तंबाखू होती: पुरुषांमध्ये ती चुन्याबरोबर मळून, तर स्त्रियांमध्ये मुख्यतः मिश्रीच्या, म्हणजे तव्यावर काळी होईतो भाजून कुटलेल्या तंबाखूच्या, रूपाने वापरली जाई. दात घासण्याचे साधन म्हणून मिश्री प्रतिष्ठित झाली आणि दाढदुखीवरचा उतारा म्हणूनही तीच हिरडीवर चोळली जाई. त्यामुळे आजार आणि त्याचे औषध एकाच डबीत नांदत होते.

दाढ काढण्याचे काम न्हाव्याच्या धोकटीतून दवाखान्यात गेले ते अनेक टप्प्यांनी. १८४६ साली बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरच्या भुलीचा जाहीर प्रयोग यशस्वी केला, १८८४ मध्ये कोकेनने जबड्याचा मज्जातंतू बधिर करता येतो हे दिसून आले, १९०५ च्या सुमारास प्रोकेन आले आणि १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन याने लिडोकेन तयार केले, ज्याच्या इंजेक्शनाने आज तालुक्याच्या गावीही दाढ काढली जाते. भारतात पहिले दंत महाविद्यालय कलकत्त्यास १९२० साली निघाले, मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले, आणि १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने व्यवसायाची नोंदणी सुरू करताना पदवीधरांसाठी एक आणि पदवी नसलेल्या परंतु अनुभवी व्यावसायिकांसाठी दुसरा असे भाग पाडले. जंतुसंसर्गाची भीती कमी होण्यास प्रतिजैविकांचा हातभार लागला, आणि पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यामुळे पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ पासून राहुरीवरून जात असल्यामुळे अवघड रोगी पूर्वी नगरला किंवा पुण्याला नेता येत असे. पुढे लोणी आणि संगमनेर येथे दंत महाविद्यालये निघाली, तेव्हा हाड कोरून काढावी लागणारी अक्कलदाढही जिल्ह्यातच काढता येऊ लागली. भूल सोपी झाल्याने शस्त्रक्रिया लांबवता येऊ लागली, जखमा खोल झाल्या आणि टाके पडू लागले. परिणामी घरच्या शुश्रूषेवरचा भार हलका होण्याऐवजी वाढला.

नवे दंतवैद्यक घरात शिरले ते एका निषेधाच्या रूपाने. दाढ निघाल्यावर खाचेत रक्त साकळून जी गुठळी बनते, तीच त्या जागेचे नैसर्गिक झाकण असते. तिच्यावर कापसाचा किंवा जाळीच्या कापडाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरल्याने ती स्थिर होते, पुढल्या दिवसांत तिच्यात सूक्ष्म रक्तवाहिन्या शिरून नवी ऊती तयार होते, काही आठवड्यांत वर हिरडी येते आणि आत हाड भरण्यास मात्र महिने लागतात. ही गुठळी निखळली किंवा विरघळली तर हाड उघडे पडून दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कानापर्यंत पोहोचणारा ठणका सुरू होतो. क्रॉफर्ड याने १८९६ साली या अवस्थेचे वर्णन ‘ड्राय सॉकेट’, म्हणजे कोरडी खाच, या नावाने केले. गुठळीचे हे महत्त्व कळल्यावर जुन्या पथ्यातील सर्वांत आश्वासक कृतीच पहिल्या दिवसापुरती अपायकारक ठरली: जोराने गुळण्या करणे, वारंवार थुंकणे, ओढून पिणे आणि खाचेत पूड दाबणे या सर्वांनी गुठळी सुटण्याचा किंवा दूषित होण्याचा संभव असतो. शेकाचेही तसेच झाले. पहिल्या दिवशी उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावून स्राव व सूज वाढते, म्हणून गालावर बाहेरून बर्फ आणि तोंडात गार, मऊ अन्न सांगितले जाऊ लागले. वीज आणि शीतकपाट घरात येण्यापूर्वी राहुरीच्या खेड्यांत ही सूचना पाळणे शक्यच नव्हते, आणि ती साधने आल्यावरही ‘गार खाल्ले की दात धरतात’ असे मानणाऱ्या पिढीला ती उलटी वाटणे स्वाभाविक होते.

तथापि नव्या पथ्याने जुन्याला हद्दपार केले असे म्हणता येत नाही. पहिले चोवीस तास उलटले की कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या दंतवैद्य स्वतःच सांगतो, दोन दिवसांनंतर जबडा आखडला असेल तर कोमट शेकही सुचवतो, आणि पेज, कण्या, वरण-भात यांना तर त्याची पहिल्यापासून संमती असते. लवंगेचे पुनरागमन त्याहून लक्षणीय आहे, कारण तिच्या तेलातील युजेनॉल हे द्रव्य कोरड्या खाचेतील ठणका शमवणाऱ्या औषधी पट्टीत दीर्घकाळ वापरले गेले आहे. वाग्भटाचा रोपण-गंडूष आणि दवाखान्याच्या कागदावरील मिठाचे पाणी यांच्यात म्हणूनच फरक उरतो तो मुख्यतः एका दिवसाचा.

हा एक दिवस कोणाला परवडतो, हा प्रश्न मात्र सामाजिक आहे. उसाच्या हंगामात बीड जिल्ह्यातून आणि पाथर्डीकडून येणारी ऊसतोड जोडपी, ज्यांची गणना ‘कोयता’ या एककाने होते, पाचटाच्या कोप्यांत राहतात आणि त्यांचा मोबदला तोडलेल्या टनावर ठरतो. वाकून ऊस तोडणे आणि डोक्यावर मोळी वाहणे हे खाचेतला रक्तस्राव पुन्हा सुरू करणारे श्रम असले, तरी एकाने बसून राहिल्यास जोडीदाराचेही काम खोळंबते. घरातल्या स्त्रीची अडचण वेगळी होती: पेज करणारी तीच आणि पेज लागणारीही तीच, शिवाय चूल पेटवायची तर फुंकणीने जोरात फुंकर घालावी लागे, आणि तोंडातील दाब वाढवणारी प्रत्येक कृती गुठळीला उपद्रवी असते. मिश्रीची तलफ आवरणे हेही तिलाच कठीण जाई, कारण निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसून जखमेचा रक्तपुरवठा घटतो हे तिला कोणी समजावलेले नसे. चुलीच्या जागी गॅस आला तेव्हा धुराबरोबर फुंकणीही गेली, आणि या जखमेपुरते पाहिले तर तो बदल कोणत्याही औषधाइतका मोलाचा ठरला.

जुने पथ्य साहित्य मागत होते, आणि ते साहित्य बांधावर किंवा डब्यात फुकट किंवा फुकटासारखे मिळत होते; बाभळीची साल उकळून दिवसातून चार वेळा गुळणी करणे हे नांगर, विळा किंवा कोयता हाती असतानाही जमण्यासारखे होते. नव्या पथ्याचा पहिला भाग साहित्य मागत नाही, तो काही न करण्याची मुभा मागतो: थुंकू नये, चूळ भरू नये, वाकू नये, फुंकू नये, पडून राहावे. राहुरीच्या पट्ट्यात धरणांनी, कारखान्यांनी आणि दवाखान्यांनी शंभर वर्षांत पुष्कळ गोष्टी आणून दिल्या. गुळणीआधीचा तो एक मोकळा दिवस मात्र ज्याच्या-त्याच्या मजुरीवर आणि घरातल्या कामाच्या वाटणीवरच अवलंबून राहिला.