वंध्यत्वावरील शस्त्रक्रिया
मूल न होण्यामागे शरीररचनेतील दोष असल्यास तो दूर करण्यासाठी स्त्री वा पुरुषावर केलेली शस्त्रक्रिया. स्त्रियांत दुर्बिणीद्वारे गर्भाशयातील पडदा किंवा गाठी काढतात. पाणी साचून फुगलेली गर्भनलिका टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारापूर्वी काढणे वा बांधणे हिताचे; ते पाणी गर्भाशयात झिरपून गर्भ रुजू देत नाही. भारतात नलिका बिघडण्यामागे अनेकदा क्षयरोग असतो. अशा वेळी शस्त्रक्रियेचा फारसा उपयोग होत नाही.

पतीची वीर्यतपासणी न करताच पत्नीवर शस्त्रक्रिया करणे अन्यायाचे आहे. वृषणाच्या फुगलेल्या शिरा (व्हेरिकोसील) हे पुरुषांतील दुरुस्त होणारे सर्वांत सामान्य कारण. त्या बहुधा डावीकडे आढळतात. कारण तिथली शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या बांधताना धमनी व लसवाहिन्या जपतात. शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागत असल्याने शस्त्रक्रियेनंतरची वीर्यतपासणी तीन महिन्यांनी होते.