कोकोचे कीटक-परागण

कोकोचे कीटक-परागण म्हणजे कोको (शास्त्रीय नाव: थिओब्रोमा ककाओ) या झाडाच्या फुलांचे कीटकांद्वारे होणारे परागीभवन होय. हे काम मुख्यतः सेराटोपोगोनिडी कुळातील १ ते ३ मिलिमीटर लांबीची चिलटे करतात. त्यांतील फोर्सिपोमायिया ही प्रजाती विशेष महत्त्वाची आहे.

फूल आणि कीटक

कोकोची फुले खोडावर व जुन्या फांद्यांवर येतात. प्रत्येक पाकळीचा तळ टोपीसारखा असून परागकोश त्यात झाकलेले असतात, तर कुक्षीभोवती वंध्य पुंकेसरांचे कुंपण असते. पराग चिकट असल्याने वाऱ्याने फारसे वाहून जात नाहीत. परागण न झालेले फूल एक-दोन दिवसांत गळते आणि एकूण फुलांपैकी अगदी थोड्यांचीच फळे होतात. अनेक झाडांना स्वतःचे पराग चालत नाहीत. त्यामुळे बागेत परस्परांना अनुकूल असलेली वेगवेगळी झाडे लागतात.

महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगाव ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखले जाते. अनेक पिकांना मधमाश्यांच्या पेट्यांचा लाभ होतो. कोकोच्या झाकलेल्या परागकोशांपर्यंत मात्र मधमाशीएवढ्या कीटकाला सहज पोहोचता येत नाही.

बागेतील उपाय

भारतात कोको प्रामुख्याने केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडूत, बहुधा नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून घेतात. चिलटांच्या अळ्या ओलसर, कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांत वाढतात. त्यामुळे झाडून स्वच्छ केलेल्या कोरड्या बागेत त्यांची संख्या घटते. पालापाचोळा न जाळणे, सावलीत केळीच्या खोडाचे तुकडे कुजत ठेवणे, उन्हाळ्यात ओलावा टिकवणे आणि फुलोऱ्यात कीटकनाशकांची फवारणी टाळणे हे मुख्य उपाय होत.

मर्यादा

फळांच्या साली कुजत ठेवल्यानेही चिलटे वाढतात; परंतु फायटोफ्थोरामुळे होणाऱ्या काळ्या फळकुजीचा प्रसार रोगट सालींतून होतो. म्हणून रोगट फळे बागेबाहेर नेऊन नष्ट करतात आणि निरोगी साली खोडापासून दूर ठेवतात. परागण वाढले तरी उत्पन्न त्याच प्रमाणात वाढतेच असे नाही; पोषण अपुरे पडल्यास झाडावरील कोवळी फळे सुकतात.