आमच्या गावाचा समुद्र

नाचणगावात उभं राहून कोणत्याही दिशेला तोंड करा, समुद्र नाही. पश्चिमेची मुंबई पुलगाव टेशनापासून रेल्वेनं सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास. पूर्वेचा समुद्र पार तेलंगण-आंध्र ओलांडल्यावर. आमच्या शिवारात काळी जमीन, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, अन् जवळून जाणारी वर्धा नदी. तरी या गावाचा समुद्राशी संबंध जुना आहे. तो इतिहासातून निघून थेट आमच्या घरापर्यंत येतो, म्हणून हे लिहायला बसलो.

आमच्याकडे समुद्र पहिल्यांदा आला तो बैलाच्या गळ्यात. पोळ्याला बैलाला कवड्यांची माळ घालतात. या कवड्या मुख्यतः मालदीवच्या बेटांवरून हिंदुस्थानात यायच्या, आणि एके काळी बंगाल-ओरिसात त्या नाण्यासारख्या चालायच्या. देवळातला शंख समुद्रातला, बायांच्या गळ्यातलं पोवळं समुद्रातलं, पूजेचा नारळ किनाऱ्यावरचा. हे सगळं रोज हाताळणाऱ्या माणसानं मात्र समुद्र पाहिलेला नसायचा.

आणि मीठ. रेल्वे नव्हती तेव्हा बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून किनाऱ्यावरचं मीठ आतल्या मुलखात आणत आणि इकडचं धान्य, कापूस घेऊन जात. लग्नात ताटात पहिल्यांदा मीठ वाढायची आपली रीत आहे. त्या चिमूटभर मिठामागे किती बैलांचे खूर झिजले असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

कापसाचा हिशेब मात्र ठेवला गेला. आधी आपल्या भागातला कापूस उत्तरेला, गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. १८२५ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईला जाऊ लागला. वाट बैलांची. कापूस पावसात भिजे, धुळीनं मळे, महिनोन् महिने लागत. मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. सगळ्यांचे डोळे हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. आमच्या जिल्ह्यातल्या हिंगणघाटचं नाव तर विलायतेच्या बाजारात कापसाची जात म्हणून घेतलं जाई.

त्या काळात साहेब लोकांनी एक मोठा बेत केला होता. आमची वर्धा नदी वैनगंगेला मिळते, तिथून पुढे ती प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागरात जाते. याच पाण्यातून नावा चालवून वर्ध्याचा, नागपूरचा कापूस पूर्वेच्या समुद्राला न्यायचा, असा तो बेत. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. त्यांना वळसा घालायला कालवे, बंधारे यांची कामं सुरू झाली, दुम्मागुडमला तर बरंच काम झालं. पण ताप-हिवतापानं मजूर टिकेनात, खर्च वाढत गेला, अन् तोवर १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचलीसुद्धा. १८७१ साली नदीची योजना सोडून दिली. ती पार पडली असती तर आमच्या नदीच्या घाटावर समुद्राची नाव लागली असती. मी हे वाचलं त्या दिवशी संध्याकाळी नदीवर जाऊन बसलो होतो. गुडघाभर पाणी अन् म्हशी.

रेल्वेनं कापसाची वाट ठरवून टाकली. पुलगावला टेशन झालं, जिनं झाली, गिरणी झाली. पुढे पुलगाव-आर्वी छोटी गाडी धावू लागली, तीही मुख्यतः कापसासाठीच. वावरातला कापूस बंडीतून पुलगावला, तिथून गाठी होऊन मुंबईला, तिथून जहाजात. १८६५ साली अमेरिकेतली लढाई संपली तसे भाव कोसळले आणि मुंबईत भल्याभल्यांचं दिवाळं वाजलं. तेव्हापासून आमच्या कास्तकाराला कळलं, की आपल्या पऱ्हाटीचा भाव समुद्रापलीकडे ठरतो. माझा आजा बाजारातून आला की कोणी ना कोणी विचारायचंच, "आज मुंबईचा भाव काय हाय बाप्पा?" मुंबई त्यानं कधी पाहिली नाही. त्याचा कापूस दर वर्षी जात होता. आजही मुंबईच्या कापूस बाजारात भाव खंडीवर बोलतात, खंडी म्हणजे ३५६ किलो. आम्ही मोजतो क्विंटलवर.

१९३० साली समुद्र पुन्हा एकदा विदर्भाच्या तोंडी आला. महात्माजी १२ मार्चला साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मीठ उचललं. वर्ध्याचे जमनालाल बजाज मुंबईजवळ विलेपार्ल्याच्या छावणीत मिठाच्या सत्याग्रहाला उभे राहिले. विदर्भाला समुद्र नाही, मग मीठ कुठं करायचं? अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात दहीहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ केलं गेलं. नंतर लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला १० जुलैला जंगल सत्याग्रह केला. समुद्र नाही तर जंगल. स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतायचं नाही म्हणून निघालेले महात्माजी शेवटी आमच्याच जिल्ह्यात राहायला आले. १९३६ पासून सेवाग्राम. किनाऱ्यावरचं मूठभर मीठ उचललेला तो माणूस आमच्या गावापासून अर्ध्या दिवसाच्या बंडीच्या वाटेवर राहत होता.

आता माणसांचं सांगतो. आमच्या आधीच्या पिढीला हौसेची सहल माहीत नव्हती. समुद्र पाहायचा तो यात्रेतच: जगन्नाथपुरी, रामेश्वर, द्वारका. रामेश्वरची वाळू प्रयागला नेऊन गंगेत सोडायची आणि गंगेचं पाणी रामेश्वराला घालायचं, अशी जुनी रीत. एका जन्मात दोन्ही जमणारा माणूस गावात एखादाच.

माझी माय १९७८ साली गावातल्या बायांसंगं पुरीला गेली. वय पंचेचाळीसच्या आतबाहेर. त्याआधी तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे वर्धेचा पूर. नागपूर, बिलासपूर करत, गाड्या बदलत त्या पोचल्या. तिथं टोकदार टोप्या घातलेले नोलिया लोक यात्रेकरूंना हात धरून लाटेत नेतात. मायनं एकाचा हात धरला तो म्हणे सोडलाच नाही. आल्यावर ओसरीवर बसून ती सांगायची, "पानी आपल्याले वढते अन् पुन्हा आनून सोडते. घेऊन जाते असं वाटते, पन नाई नेत." ७२ च्या दुष्काळात डोक्यावर हंडे वाहिलेली बाई ती. मग थोडं थांबून म्हणायची, "एवढं पानी, अन् एका वावराच्या कामाचं नाई."

तिनं बाटलीत समुद्राचं पाणी आणलं होतं. आम्ही पोट्ट्यांनी बोट बुडवून चाखलं. ती बाटली देवघरात किती तरी वर्षं होती. पाणी आटलं, तळाशी पांढरी खपली राहिली, तीही तिनं फेकू दिली नाही. त्यानंतर दर वर्षी कापूस निघाला की ती विचारायची, "औंदा पुरीले जमन काय रे?" कधी बोंडअळी, कधी लग्न, कधी विहिरीचं काम. २००४ साली ती गेली. पुरीला पुन्हा जाणं झालं नाही.

मी स्वतः समुद्र पाहिला १९७६ साली, दहावीच्या सहलीत. मुंबईच्या चौपाटीवर सकाळी पाणी पायरीशी होतं, संध्याकाळी पाहतो तर मागं सरलेलं. एक पोट्टा म्हणाला, "सर, कोनं पानी सोडलं?" मास्तरांनी भरती-ओहोटी समजावून सांगितली. दिवसातून दोनदा भरती, अन् रोज पाऊण-एक तास उशिरा. आमच्या ओलिताच्या पाळीसारखंच वेळापत्रक. दुसऱ्या दिवशी शिवडीच्या बाजूला त्यांनी एक टेशन दाखवलं, नाव कॉटन ग्रीन. "तुमच्या बापाचा कापूस इथवर येतो," म्हणाले. आम्ही गप्प झालो. त्या नावाच्या पाटीकडे मी अजून डोळे मिटले की पाहू शकतो.

दुसऱ्यांदा गेलो २००९ साली, बायकोला घेऊन, गणपतीपुळ्याला. ज्यांच्या घरी उतरलो ते आंब्याचे बागाईतदार. रात्री पडवीत बोलणं निघालं. त्यांच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे हजाराच्या घरात. ते म्हणाले, "आमचं पाणी समोरून येतं आणि समोरच वाहून जातं." मी म्हणालो, "आमचं तं दोन्हीकडून येते." खरंच आहे ते. अरबी समुद्राचे ढग घाट चढून इकडे येईपर्यंत हलके होतात. विदर्भाचा जोराचा पाऊस बऱ्याचदा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यावर येतो. जुलैत पीक माना टाकतं तेव्हा आम्ही रेडिओवर, आता मोबाईलवर, त्या उपसागराचीच बातमी ऐकत असतो. मायनं म्हटलं होतं, एका वावराच्या कामाचं नाही. पण तेच पाणी मीठ मागं ठेवून ढगातून येतं अन् आमचं सगळं वावर त्याच्यावर उभं आहे. हे तिला सांगायचं राहिलं.

मायच्या अस्थी आम्ही वर्धेत सोडल्या. त्या वेळी मनात काही नव्हतं, विधी चालला होता. नदीची ती जुनी योजना वाचली तेव्हा ध्यानात आलं: वर्धा, प्राणहिता, गोदावरी, बंगालचा उपसागर. पुरीचा समुद्र तोच.

बायकोला हे सांगितलं. ती गणपतीपुळ्याहून आणलेले शिंपले कुंकवाच्या डब्यात ठेवते, कधीमधी काढून पाहते. आता समृद्धी महामार्ग झाला, मुंबई आठ-नऊ तासांवर आली म्हणतात. तिचे गुडघे दुखतात, माझी साठी उलटली. ऐकून ती जराशानं म्हणाली, "माय मरून गेली समुद्रावर. आपन जित्तेपनी जाऊ."

दोन वेचे घरात आले आहेत. तिसरा वेचा निघाला की तिकिटं काढायची, असं ठरलं आहे. या वेळी पुरीची.