बुचाखालचा आधार

विहीर खोदणाऱ्याचे नाव गाव लक्षात ठेवते. बुजवणाऱ्याची चौकशी कोणी करीत नाही. इतिहासाचीही रीत हीच. 1974 साली 'सागर सम्राट'ने मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर भर समुद्रात तेल शोधले आणि 21 मे 1976 रोजी मुंबई हायचे उत्पादन सुरू झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तेलविहीर एक दिवस मिटवावीही लागते, आणि त्या कामालाही इतिहास आहे.

मी मरोळचा. आमच्याकडे विहीर बुजवायची म्हणजे दगडमाती लोटायची. खाली तळ असतो, भर आपोआप बसते. तेलविहिरीत तसे नाही. हजार मीटरहून खोल, वीतभर रुंद भोकात सिमेंटचे बूच पुष्कळदा मधेच, अधांतरी बसवायचे असते. भोकही रिकामे नसते. त्यात खोदाईचा पातळ चिखल भरलेला असतो. तो लिटरला सव्वा किलो भरला, तर ओले सिमेंट जवळजवळ 1.9 किलो भरते. जड वर आणि हलके खाली! सिमेंट ओघळत तळाकडे जाते, चिखल बाजूने वर चढतो, आणि दुसऱ्या दिवशी चाचपून पाहावे, तो ठरल्या जागी बूच नाहीच.

1984 साली स्मिथ, बेर्युट आणि होलमन या तंत्रज्ञांनी या फजितीची मीमांसा प्रसिद्ध केली. त्यांचा उपाय मोठा घरगुती वाटतो. सिमेंट सोडण्याआधी त्याच्या जागेखाली बेंटोनाइट मातीचा दाट थर सोडायचा. ढवळला तोवर तो वाहतो. स्थिर झाला की थिजलेल्या तुपासारखा आवळून बसतो आणि वरचे ओझे पेलतो. शिवाय सिमेंटात चिखलाची भेसळ होऊ नये म्हणून दोहोंमध्ये 'स्पेसर' हा निराळा द्रव घालतात. तोही पुरेसा दाट असला, तर आधाराला हातभार लावतो. सिमेंट आळेपर्यंतचे काही तास निभावले, की काम फत्ते.

हा नुसता कारागिरीचा प्रश्न नव्हे. बूच ढळले, तर खालचे तेल आणि वायू वाट काढीत वर येऊ शकतात; आणि त्या पाण्यावर कोळ्यांची चूल पेटते. म्हणून तेल किती काढले याच्या आकड्यांबरोबर विहिरी कशा मिटवल्या याचीही नोंद आपल्या इतिहासात अगत्याने राहिली पाहिजे. काढलेले तेल केव्हाच जळून जाते. बुचाला मात्र आपल्या नातवंडा-पतवंडांच्या काळातही जागेवर राहायचे असते.