शेवटी नाव सांगणारा आवाज : ध्वनिमुद्रिका, घराणी आणि नक्कल करणारे यंत्र

नोव्हेंबर १९०२, कलकत्ता. हॉटेलातील एका खोलीत यंत्राला जोडलेला धातूचा मोठा कर्णा आणि त्याच्या तोंडाशी जवळजवळ मान घालून गाणारी, दागिन्यांनी मढलेली एक गायिका. तीन मिनिटांच्या आत तिने गाणे संपवले आणि सुई थांबण्यापूर्वी इंग्रजीत जाहीर केले : “माय नेम इज गौहर जान.”

शंभर वर्षांहून अधिक काळानंतर मुंबई उच्च न्यायालयात गायक-गायिकांना वेगळेच सिद्ध करावे लागले : हा आवाज आपला असला तरी हे गाणे आपण गायलेलेच नाही. या दोन प्रसंगांच्या मधला प्रवास फार रंजक आहे, आणि त्याचा बराचसा भाग महाराष्ट्र-गोव्यातून जातो. हा धागा त्याविषयी.

गौहर जानने नाव का सांगितले? सर्वसाधारणपणे दिले जाणारे कारण अगदी व्यावहारिक आहे. मेणाच्या तबकडीवर कोरलेले मूळ मुद्रण जहाजाने जर्मनीतील हॅनोवरला जाई आणि तेथे त्याच्या प्रती निघत. तेथील कामगारांना ना हिंदुस्थानी कळे, ना गायिकांची नावे ठाऊक असत. कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून शेवटी नाव उच्चारण्याची पद्धत पडली. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच तयार होऊ लागल्या. तरीही नाव सांगण्याची लकब काही काळ टिकली. श्रोत्यांना तीच आवडू लागली होती.

एक दुरुस्ती येथेच करावी. ‘भारतातील पहिली ध्वनिमुद्रित गायिका’ असा गौहर जानचा उल्लेख सर्रास होतो. प्रत्यक्षात फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाने त्या मुक्कामात तिच्या काही दिवस आधी कलकत्त्याच्या रंगभूमीवरील शशिमुखी आणि फणिबाला या दोन तरुण मुलींचे गाणे मुद्रित केले होते. ‘पहिली’ हा मान त्यांचा. पहिली ‘तारका’ मात्र निःसंशय गौहर जान. (गैसबर्गच्या कंपनीचे त्या वेळचे नाव होते ‘ग्रामोफोन अँड टाइपरायटर लिमिटेड’. गाण्याचा धंदा टिकेल की नाही याची शाश्वती नव्हती, म्हणून कंपनी टंकलेखन यंत्रेही विकत असे.)

आता त्या कर्ण्याकडे वळू. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती. आवाजाच्या कंपनांनी कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरे, त्याला जोडलेली सुई मेणावर रेघ कोरी. जे जोरात, तेच उमटे. गायकाने आवर्तनाच्या भरात मान फिरवली की आवाज विरे. तानपुऱ्याचा झंकार, ज्यावर हिंदुस्थानी संगीताची सारी इमारत उभी, तो त्या रेघेत जवळजवळ उतरतच नसे. म्हणजे यंत्राने टिपले ते गाणे होते, पण ज्या आधारस्वरावर ते तोलले जाई तो बाहेरच राहिला.

दुसरी अट वेळेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे. एक विलंबित ख्याल बैठकीत पाऊण तास, तास चाले. सर्वांत आधी बळी गेला तो आलापाचा. राहिली ती मध्यलयीतील किंवा द्रुत बंदिश, ठुमरी, दादरा, दोन-चार चमकदार ताना. ज्यांनी बैठक कधी ऐकलीच नव्हती अशा हजारो घरांत ‘गाणे’ म्हणजे तीन मिनिटांचा पदार्थ ही समजूत रुजली. संगीत नाटकाच्या प्रेक्षकांना तर ही मर्यादा अधिकच विचित्र वाटली असेल. बालगंधर्वांच्या पदाला ‘वन्समोअर’ मिळत राही आणि पद वाढत जाई. तबकडीपुढे कितीही ‘वन्समोअर’ ओरडले तरी ती तेच, तसेच, तेवढेच गाई.

मात्र तंत्राने केवळ कापाकापी केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. तीन मिनिटांत रागाचे पूर्ण चित्र उभे करणे ही स्वतंत्र कला झाली. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ यांच्या १९३०च्या दशकातील मुद्रिका ऐकाव्यात. त्यांचा हळुवार, सुरात विरघळलेला आवाज कर्ण्याच्या जमान्यात निम्मा हरवला असता. मायक्रोफोनने तो जपला. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. आरंभीच्या मुद्रिकांवर जे आवाज आहेत त्यांत तवायफ आणि कलावंत समाजांतील स्त्रियांचे आवाज मोठ्या संख्येने आहेत. ज्या काळी प्रतिष्ठित समाज त्यांच्या दारी जाणे निषिद्ध ठरवत होता, त्याच काळी त्यांचा आवाज त्याच समाजाच्या दिवाणखान्यात वाजू लागला.

पण प्रत्येकाने यंत्राला आवाज दिला नाही, आणि इतिहासाच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पदरी असलेले अल्लादिया खाँ (१८५५–१९४६). तारुण्यात अतिरेकी गायनाने त्यांचा आवाज बसला. मग त्या बदललेल्या आवाजाला साजेशी, वक्र आणि गुंतागुंतीच्या तानांची नवी गायकी त्यांनी घडवली. तीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख झाली. ध्वनिमुद्रण भारतात आल्यानंतर ते चव्वेचाळीस वर्षे जगले, तरीही त्यांच्या गाण्याची एकही मुद्रिका उपलब्ध नाही. पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचीही तीच कथा.

उस्ताद अडाणी होते, यंत्र आपला आवाज चोरील अशी त्यांना भीती वाटे, हा किस्सा सांगायला सोपा आहे. त्यात त्या काळाची थट्टा आहे, समज नाही. घराण्याची बंदिश ही त्या काळी मालमत्ता होती. ती सेवेने, वर्षानुवर्षांच्या सहवासाने मिळे. तबकडी मात्र बाजारात जो पैसे मोजेल त्याच्या हाती पडे. मूळ धन्याला विचारण्याची गरज उरत नसे. ही भीती चोख हिशेबाची होती. आज यंत्राला शिकवण्यासाठी आपली गाणी न विचारता वापरली गेली म्हणून कलावंत तक्रार करतात तेव्हा ते नेमके हेच म्हणत असतात.

अल्लादिया खाँची शिष्या केसरबाई केरकर यांनी मधला मार्ग निवडला. गोव्यातील केरी गावी १८९२ मध्ये जन्मलेल्या केसरबाई १९२१ पासून गुरूच्या मृत्यूपर्यंत त्यांच्याकडे शिकल्या. आपले गाणे कोणापुढे, कोणत्या रूपात जावे याविषयी त्या कमालीच्या काटेकोर होत्या, त्यामुळे त्यांच्या मुद्रिका मोजक्याच. आणि नियतीचा खेळ असा की त्यातल्याच एकीला सर्वांत दूरचा प्रवास घडला. १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवण्यात आली. तीत भारताचे प्रतिनिधित्व करते ती केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. व्हॉयेजर-१ ने ५ सप्टेंबरला उड्डाण केले. १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले.

मुद्रिकेने गाणे विकले, तसे ते शिकवलेही. गदगचा एक मुलगा दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकून इतका वेडावला की १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घरातून पळाला. तो भीमसेन जोशी. तबकडीने त्याला घराबाहेर काढले, पण गाणे शिकण्यासाठी त्याला उत्तर हिंदुस्थान पालथा घालून शेवटी कुंदगोळला, अब्दुल करीमांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या दारी जावे लागले.

त्याहून विलक्षण उदाहरण बेळगावजवळच्या सुळेभावीचे. १९२४ मध्ये जन्मलेला शिवपुत्र कोमकली नावाचा मुलगा कोणत्याही गुरूविना मोठमोठ्या गायकांच्या मुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवी. लकबी, ताना, श्वास घेण्याच्या जागा, सारे जसेच्या तसे. लोकांनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटले. १९३६ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमधील परिषदेत त्याचे गाणे ऐकून श्रोते थक्क झाले. ध्वनिमुद्रणांवरून नमुने उचलायचे आणि त्याच शैलीत नवा आवाज काढायचा, हे आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गायनयंत्राचे काम. १९३६ साली ते काम बारा वर्षांचा मुलगा करत होता.

येथे कथा संपली असती तर कुमार गंधर्व ही एक नवलाईच राहिली असती. पण प्रा. बी. आर. देवधर यांनी त्याला आपल्या विद्यालयात ठेवून घेतले आणि नकलेमागचे ‘का’ शिकवले : हा स्वर येथेच का लागतो, ही तान याच रागात का शोभते. पुढे ऐन उमेदीत क्षयाने गाठले. १९४८ पासून देवासला पाच-सहा वर्षे गाणे बंद, एक फुप्फुस निकामी. अंथरुणावर पडून ऐकू येत होती ती माळव्यातील बायाबापड्यांची लोकगीते. त्या धुनांतून त्यांनी नवे राग घडवले. उरलेल्या श्वासाच्या मापाने छोट्या, झेपावणाऱ्या तानांची गायकी उभी केली. कर्मठांनी नाके मुरडली. पुढे त्यांनी बालगंधर्वांची पदे गाण्याचा कार्यक्रम केला तेव्हा त्याचे नाव ठेवले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. लहानपणी ज्यांची मुद्रिका तंतोतंत काढता येई, त्यांच्याविषयी प्रौढपणी शब्द वापरला तो ‘उमजलेले’.

या पार्श्वभूमीवर आजचे यंत्र पाहावे. संगणकाने संगीत रचणे हेही वाटते तितके नवे नाही. १९५७ मध्येच इलिनॉय विद्यापीठात लेजारन हिलर आणि लेनर्ड आयझॅक्सन यांनी ‘इलियाक’ संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी रचना करून घेतली होती. तेथे माणसाने संगणकाला नियम दिले होते. आजच्या प्रणाली नियम विचारत नाहीत. प्रचंड प्रमाणात ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांतील आकृतिबंध त्या स्वतः टिपतात. म्हणूनच त्यांना मुद्रणांची भूक असते, आणि म्हणूनच भांडण मुद्रणांवरून आहे.

मात्र ‘एआयचे गाणे’ या एका नावाखाली निरनिराळ्या गोष्टी खपवल्या जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ आले. त्यात जॉन लेननचा आवाज कृत्रिम नव्हता. १९७०च्या दशकातील घरगुती कॅसेटवर पियानोत मिसळून गेलेला त्याचा खराच आवाज यंत्राने वेगळा काढला. जानेवारी २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकरवी घडवले. कुटुंबीयांची परवानगी घेतली, मोबदला दिला, असे त्यांनी स्पष्ट केले. परवानगी न घेता कोणाचाही आवाज काढून देणारी साधने हा याहून अगदी वेगळा प्रकार. त्याच प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिले. आवाज हा व्यक्तिमत्त्वाचाच भाग, तो संमतीविना कोणाच्याही हाती देता येणार नाही, असा त्या आदेशांचा आशय. आशाबाईंचे पहिले चित्रपटगीत १९४३ च्या ‘माझा बाळ’ या मराठी चित्रपटातले. एका माणसाच्या गायनाच्या हयातीत तंत्रज्ञान मेणाच्या तबकडीवरून आवाजाच्या प्रतिकृतीपर्यंत आले.

अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा यांचा आवाज मात्र आज कोणत्याही यंत्राला काढता येत नाही, कारण शिकायला एक मिनिटाचेही मुद्रण नाही. भास्करबुवांनी ‘संगीत स्वयंवर’ला १९१६ मध्ये दिलेल्या चाली तेवढ्या उरल्या आहेत. त्या बालगंधर्वांच्या तबकड्यांवर आहेत, आणि पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत गळ्यागळ्यांतून थोड्या थोड्या बदलत अजूनही गायल्या जातात.