बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराच्या दर्शनाला आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. तांदळाच्या पिंडी पाहायला गर्दी लोटते. त्याच आवारात बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना स्वप्नात मंत्र देणारे गुरू ते हेच, अशी जुन्नरकरांची श्रद्धा. म्हणजे एका बाजूला व्रत, उपास, नेम. आणि दुसऱ्या बाजूला, मागायच्याही आधी, झोपेत झालेली कृपा! घोडेगावाकडून भीमाशंकराची वाट धरणाऱ्यालाही कधीतरी वाटून जाते, की आपण केले ते पुरेसे झाले का?

हा प्रश्न जन्मभर ज्यांनी उरावर वागवला, त्या पंडिता रमाबाईंचे केडगाव आपल्याच पुणे जिल्ह्यातले. त्यांची हकीकत आपण ऐकतो ती शारदा सदनाची, विधवांच्या शिक्षणाची. पण एक आतली गोष्ट त्यांनी १९०७ साली स्वतःच छापून सांगितली, तिच्याकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी हिंडे, देवळात पुराण सांगे. श्रोते पोथीपुढे फुले, फळे, पैसा ठेवीत. जवळ होते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेले. शास्त्रात सांगितलेले काही म्हणून करायचे राहिले नव्हते. १८७४ च्या सुमारास, दुष्काळात, वडील गेले, पाठोपाठ आई गेली. आजारी आईसाठी बाजरीची भाकरी मागायला ही मुलगी शेजारच्या दारी गेली, तर लाजेने तोंडातून शब्द फुटेना. भाकरी मिळाली, पण आईला ती खाववली नाही. इतके नेम पाळून हे का व्हावे? आपलेच काही चुकले असेल काय?

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लंडनमधल्या फुलहॅम येथे पतित मानलेल्या बायकांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या होत्या. हे का करता, असे विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. जिच्याशी कोणी बोलू नये तिच्याशी येशू बोलला, हे रमाबाईंच्या मनात जाऊन बसले.

एवढ्यावर सारे सुटले असते तर आज सांगण्यासारखे फारसे उरले नसते. पण नव्या घरातही नियम होतेच. कोणते मत मानावे, कोणाचे ऐकावे, यावरून गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे पत्रांतून खटके उडाले. अगदी अंडे घातलेले पुडिंग न खाणे हीसुद्धा जातीची आढ्यता ठरली! रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. आणि एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती जायला आपण तयार नाही, असेही त्यांनी स्पष्ट कळवले. मला स्वतःला ही बाई इथे फार आवडते.

तरीपण मनावरचा भार हलला नव्हता. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होत आली, शारदा सदन मुंबईहून पुण्याला आले, आणि त्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त त्यांच्या हाती पडले. हे गृहस्थ कितीतरी वर्षे उपदेश करीत होते आणि एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनाने त्यांचा पालट झाला. वाचता वाचता रमाबाई थबकल्या. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना दिसून आले. आजवर आपण चांगले होऊन मग क्षमेला लायक ठरू पाहत होतो. इथे तर क्षमा आधी आणि चांगले होणे मागाहून! हा उलटा क्रम १८९१ साली त्यांना पटला, आणि पापाचे ओझे उतरल्याचे त्या सांगतात.

याची किंमतही पडली. सदनातल्या मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते असा गवगवा होऊन १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांची तक्रार अगदीच बिनबुडाची होती असे म्हणता येणार नाही. ज्या बाईला एवढा आनंद झाला ती तो झाकून ठेवील कशी?

पुढे दुष्काळातल्या शेकडो मुलींना घेऊन केडगावला 'मुक्ती' उभे राहिले. त्याच आवारात त्यांनी आणखी एक घर काढले. समाजाने टाकून दिलेल्या, पाऊल वाकडे पडलेल्या म्हणून कुणी दारात उभ्या न करणाऱ्या बायकांसाठी ते होते. त्याचे नाव 'कृपासदन'.